शनिवार पाळणारा घाणा

मित्रांनो, मी एक जुना दगडी घाणा आहे. तेलाचा घाणा. तुमच्यापैकी बहुतेकांनी तेल पाहिलंय ते पिशवीत नाहीतर डब्यात, त्यामुळे मी कोण हे आधी नीट सांगावं लागणार. कंबरेइतका उंच, काळ्या दगडाचा, आतून उखळासारखा कोरलेला असा मी पनवेलजवळच्या विचुंब्यात कमळाबाईंच्या अंगणात उभा आहे. माझ्या पोटात पूर्वी एक जाड लाकडी लाट उभी असायची. बैल माझ्याभोवती गोल चालायचा, लाट माझ्या पोटात फिरायची आणि तीळ म्हणा, खोबरं म्हणा, जे टाकलं असेल ते चिरडून त्याचं तेल निघायचं. आता लाट नाही आणि बैलही नाही. मी मात्र आहे, कारण मला उचलून नेणं अजून कोणाच्या बापाला जमलेलं नाही.

एवढी वर्षं मी मुकाट उभा होतो आणि माझी काही तक्रार नव्हती. पण मागच्या हिवाळ्यात माझ्यासमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. इतक्या लांबून ती एकच गोष्ट विचारायला आली होती. "माझ्या खापरपणजोबांच्या तोंडात शेवटचं पाणी कोणी घातलं?" मित्रांनो, ते मला माहीत होतं. माझ्यासमोर घडलं होतं. आणि मला सांगता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला दगड असण्याचा संताप आला.

पण थांबा. असं मधूनच सुरू केलं तर तुमचा गोंधळ उडेल. पहिल्यापासून सांगतो.

एका पाथरवटाने मला खाणीत घडवलं. मला बनवून घेतलं ते त्याच खापरपणजोबांच्या, म्हणजे एलिशाच्या, वडिलांनी. ते मूळचे पळस्प्याचे. तिथलं बिऱ्हाड उचलून ते विचुंब्याला आले, कमळाबाईंचे सासरे बळीराम यांच्या घराण्याच्या जागेत भाड्याने राहिले आणि धंद्यासाठी त्यांनी मला आणवलं. मला आणताना ओढ्यात बैलगाडीचा आख मोडला. नवा आख मिळेपर्यंत मी पाण्यातच पडून होतो आणि गावच्या म्हशी येताजाता माझ्यावर अंग घासत होत्या. माझं गावातलं स्वागत असं झालं.

ही मंडळी यहुदी. तुम्ही म्हणाल, यहुदी आणि विचुंब्यात? अरे बाबांनो, आपल्या कोकणपट्टीत हे लोक कितीतरी पिढ्या राहत आले. बोलणं मराठी, बायका नऊवारी नेसायच्या, जेवणात नारळ आणि कोकम. फक्त देव एकच, त्याची मूर्ती नाही, आणि शनिवारी कामाला हात लावायचा नाही. तेल गाळणारे आणि शनिवार पाळणारे, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणायचे.

एलिशाच्या हाताखाली मी खरा कामाला लागलो. तो कामाला चोख आणि जिभेला गोड. त्याच्याकडचं तिळाचं तेल घ्यायला मिठागरावरच्या बायका वाट वाकडी करून यायच्या. डब्याचं झाकण उघडून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "एल्या, यात पानी तर नाय ना मारलंस?" एलिशा म्हणायचा, "पाणी मारायचं असतं तर विहिरीवर दुकान टाकलं असतं, मावशी." मग सगळ्या हसायच्या. माझ्या अंगाला तेव्हा कायम तेलाचा हात फिरलेला असायचा. मी इतका तुकतुकीत दिसायचो की बायका माझ्याकडे बघून केस सारखे करायच्या. थोडी बढाई मारतोय, पण थोडीच.

शुक्रवारी ऊन उतरलं की एलिशा बैल सोडायचा आणि मला धुवून काढायचा. त्याची बायको घरात दिवा लावायची. दिव्यावरून हात फिरवायची, मग दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून काहीतरी पुटपुटायची. शनिवारी माझ्याकडे कोणी फिरकायचं नाही. गिऱ्हाईक आलंच तर एलिशा हात जोडून "उद्या या" म्हणायचा. बैलाला तर या सुट्टीची अशी सवय लागली की शुक्रवारी ऊन उतरायला लागलं की तो आपणहून थांबायचा आणि कितीही हाकललं तरी पाय उचलायचा नाही.

पुढे बायको वारली. एकुलता एक मुलगा मुंबईला गेला, तिथे त्याचं लग्न झालं, एक मुलगी झाली. तिचं नाव रेचल. मग तो पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला आणि परत आलाच नाही. एलिशा एकटा राहिला. घरात एकट्याने दिवा लावणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो शुक्रवारचा दिवा माझ्या काठावर लावू लागला. समोर बळीरामचा ओटा होता. तिथे पोरंबाळं असायची, बोलणं चालू असायचं. त्या बोलण्याच्या सोबतीने त्याचा शनिवार सुरू व्हायचा.

मग एलिशाही गेला. कसा गेला ते मी आत्ता सांगणार नाही. ते सांगण्याचा मान दुसऱ्या कोणाचा आहे.

जाण्याआधी त्याने मला बळीरामच्या हवाली केलं आणि एकच मागणं मागितलं. शुक्रवारी संध्याकाळी घाणा धुवून दिवा लावायचा, शनिवारी त्याला जुंपायचं नाही. बळीराम आगरी माणूस, शेती आणि मिठागर करणारा. शब्द दिला म्हणजे दिला. त्याने मला चालवलं आणि शनिवारही पाळला. पण पनवेलला तेलाची गिरणी झाली आणि माझं काम सुटलं. लाट चुलीत गेली. माझ्या पोटात पावसाचं पाणी साचायचं, ते कोंबड्या प्यायच्या. कोणी माझ्यावर बोंबील वाळत घातले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर कोणीतरी माझ्या पोटात झेंड्याचा बांबू रोवला, आणि तो उमेदवार पडल्यावर लोक माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की जणू मीच त्याला मत दिलं नव्हतं.

मात्र शुक्रवारचा दिवा चुकला नाही. बळीरामच्या बायकोने तो लावला, तिच्यामागे तिची सून कमळाबाई लावत आली. का लावायचा, हे मात्र सगळे विसरले. शेजाऱ्यांनी आपापल्या परीने अर्थ लावला. शनिवार आणि तेल म्हटल्यावर आपल्याकडे आणखी कोण आठवणार? काही जण मला शनीचा समजले, काही मारुतीचा. एकदा एका भाविकाने माझ्या गळ्यात रुईच्या पानांची माळ घातली. मला भलताच संकोच वाटला, पण माळ काढणार कशी?

आता त्या मुलीकडे येतो. तिचं नाव ताल. एका शुक्रवारी दुपार सरता सरता ती रिक्षातून उतरली. सोबत पनवेलचे जुडाहकाका होते. जुडाहकाका त्याच समाजातले, बँकेतून निवृत्त झालेले आणि बोलायला लागले की थांबता न येणारे. कमळाबाई आणि त्यांचा मुलगा धनेश ओट्यावर बसले होते. जुडाहकाकांनी बसायच्या आधीच सुरुवात केली.

"ही ताल. हिच्या आजीचं माहेरचं आडनाव पळसपेकर. इस्रायलहून आलीय. आठवडाभर पळस्प्यात घरोघर फिरत होती, पळसपेकर तेली कुठे राहायचे म्हणून. शेवटी माझ्याकडे आली. मी म्हटलं, अगं, पळस्प्यात राहणाऱ्याला पळसपेकर कोण म्हणेल? तिथे सगळेच पळस्प्याचे. माणूस गाव सोडतो तेव्हा ते गाव त्याच्या नावाला लागतं. तुझे लोक पळस्प्यात नाहीत, पळस्प्याहून उठून जिथे गेले तिथे शोध. तेव्हापासून आम्ही गावोगावचे जुने घाणे बघत फिरतोय. एक तर हॉटेलच्या दारात सापडला, त्यात प्लास्टिकची फुलं ठेवली होती."

ताल माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या काठावर हात ठेवला. तिचं मराठी तिच्या आजीकडून आलेलं होतं, जुन्या वळणाचं आणि जरा अडखळतं. तिने सरळ मनाने विचारलं, "ही जागा आधी कोणाची होती?"

मित्रांनो, हा प्रश्न तुम्ही कुठेही विचारा, पण पनवेल तालुक्यात विचारू नका. इथे जमिनीला आलेला भाव तुम्हाला ठाऊक आहे. अनोळखी माणूस दारात येऊन जागा आधी कोणाची होती असं विचारतो, तेव्हा ऐकणाऱ्याला आधी कोर्टकचेरी दिसते. त्यात धनेशचं बिल्डरशी बोलणं पक्कं होत आलेलं. तो ताडकन उठला.

"आधी नाही आणि नंतर नाही, जागा आमचीच आहे. सातबारा क्लिअर आहे. इथे कोणी तेली-बिली नव्हता."

"सातबारा म्हणजे काय?" तालने विचारलं.

असं विचारणारं माणूस जमीन मागायला येत नसतं, हे धनेशच्या लक्षात यायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला धड ऐकू येत नाही. तो आईकडे वळून म्हणाला, "आई, तुला काही माहीत आहे का?" आणि त्याने डोळे असे वटारले की उत्तर त्यातच आलं.

कमळाबाईंनी तोंडाला पदर लावला. "नाय बा," त्या म्हणाल्या. "मना काय म्हाईत नाय."

म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाईट वाटलं, पण त्यांचा राग आला नाही. मुलाच्या पोटावर पाय येईल अशी भीती असल्यावर आई दुसरं काय बोलणार?

जुडाहकाकांनी रिक्षावाल्याला फोन केला आणि दोघं रिक्षाची वाट बघत माझ्याशेजारी उभी राहिली. तालचा चेहरा उतरला होता. ती जुडाहकाकांना म्हणाली, "काका, आजीला मी काय सांगू? तिची आई मरेपर्यंत एकच बोलत होती. 'माझे सासरे एकटे गेले. मी लहान लेकरू घेऊन मुंबईत अडकले आणि त्यांच्या तोंडात पाणी घालायला आपलं कोणी नव्हतं.' आता आजी नव्वदीची आहे, खाटेवर आहे, आणि ती पण हेच बोलते. एलिशाआजोबांना पाणी कोणी दिलं? गावाचं नाव तिला आठवत नाही. मला जागा नको, काका. मला तिला फक्त एवढंच सांगायचं होतं."

मी ऐकत होतो. ओट्यावर कमळाबाईही ऐकत होत्या. त्या दोनदा आत जाऊन बाहेर आल्या. त्यांची वेगळीच अडचण झाली होती. शुक्रवार होता, दिवस बुडायला आला होता आणि पाहुणे हलत नव्हते. शेवटी त्या कळशी घेऊन खाली उतरल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी मला धुतलं, पदराने काठ कोरडा केला आणि पणती ठेवून वात पेटवली.

जुडाहकाका बोलता बोलता थांबले. ही गोष्ट नोंद घेण्यासारखीच होती. आणि ताल? ती काही ठरवून करायला गेली नाही. सवयीने तिचे हात पुढे आले. तिने ज्योतीवरून हात फिरवले, दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले आणि ती हळू आवाजात आशीर्वादाचे शब्द बोलू लागली. तेच शब्द. एलिशाच्या बायकोनंतर मी ते बाईच्या आवाजात ऐकलेच नव्हते.

कमळाबाईंच्या हातातली कळशी तशीच राहिली. "बाय," त्या म्हणाल्या, "हे असं डोले झाकायला तुला कोनी शिकवलं?"

"आजीने. आमच्याकडे शुक्रवारी दिवा लावला की असं करतात."

"आमची सासू सांगायची. तेलीन असंच करायची. डोले झाकायची आन् देवाचं नाव घ्यायची."

"आई," धनेश ओट्यावरून म्हणाला.

कमळाबाई त्याच्याकडे वळल्या. आयुष्यात त्या मुलाला फारशा कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या, आणि तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही. "धनेश, जागेचं जे व्हायचं ते व्हवू दे. पन तो एकला मेला असं त्याच्या घरी तीन पिढ्या रडतान, आन् मी गप बसू? ते मना जमनार नाय."

मग त्या माझ्या काठाला टेकल्या आणि तालचा हात धरून त्यांनी सांगितलं. आता ऐका, मित्रांनो, कारण हे सांगण्यासाठीच मी एवढा वेळ थांबलो होतो.

"तुजा आजोबा एकला नाय गेला, बाय. घरात त्याचा जीव गुदमरायचा, म्हनून माज्या सासऱ्यानं त्याची खाट हितं आनली, या घान्याजवल. सासरा त्याच्या उशाशी बसून व्हता. शेवटाला सासूबायनं त्याच्या तोंडात पानी घातलं, आमच्याच मडक्यातलं. त्यानं घोट घेतला, डोल्यांवर हात ठेवला, त्याच्या देवाचं नाव घेतलं आन् मंग गेला. सासरा पलत पनवेलीला गेला, त्याच्या लोकांना घेऊन आला. ते येईपर्यंत सासूबाय त्याला सोडून हलली नाय. रीत त्याच्या लोकांनी केली. पन खांदा सासऱ्यानं पन दिला. हे ती मना कितींदा सांगायची. मी तवा नवी नवरी, मना वाटायचं, म्हातारी तेच तेच काय सांगते."

शब्द न् शब्द खरा होता. एक गोष्ट मात्र कमळाबाईंनाही माहीत नव्हती. सगळे गेल्यावर बळीराम एकटाच अंगणात परत आला आणि माझ्या काठावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतोय.

ताल रडत होती आणि हसतही होती. "आजीला आत्ता सांगायला हवं," ती म्हणाली, आणि मग तिने दिव्याकडे बघितलं. जुडाहकाका म्हणाले, "शब्बाथ लागला, बाळा, आपला शनिवार सुरू झाला. दिवा लावल्यावर आपण फोन हातात घेत नाही. तिकडे अजून दुपार आहे खरी, पण आपण आता उद्या संध्याकाळीच बोलू." तालने मान हलवली. पण नव्वदीच्या माणसाच्या बाबतीत उद्या हा शब्द किती लांबचा असतो, ते सगळ्यांनाच कळत होतं.

धनेश ओट्यावरून उतरला. त्याचं तोंड कसनुसं झालं होतं. तो तालजवळ आला आणि म्हणाला, "नंबर सांगा. मी लावतो."

त्याने स्वतःच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आईसमोर धरला. पडद्यावर उशीला टेकलेली एक सुरकुतलेली म्हातारी दिसली. कपाळ आणि भुवया अगदी एलिशाच्या. मी तर दचकलोच.

"कोण गं तू?" रेचलआजी म्हणाल्या.

"मी विचुंब्याची कमला. तुज्या आजोबाच्या घान्यापाशी बसलेय." आणि कमळाबाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, न गाळता. रेचलआजी कान देऊन ऐकत होत्या. मध्ये एकदा एवढंच विचारलं, "पाणी घेतलं ना त्यांनी?" "घेतलं," कमळाबाई म्हणाल्या, "घोटभर घेतलं." आजींनी डोळे मिटले. त्यांवर हात ठेवून त्या देवाचं नाव पुटपुटल्या. मग त्यांनी डोळे उघडले.

"तुझ्या सासूचं नाव काय होतं?"

कमळाबाई गडबडल्या. सासूचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. उभा जन्म त्या सासूबाय म्हणत आल्या होत्या, सगळा गाव तिला बळीरामची बायको म्हणायचा, आणि ती गेल्यावर तर नाव घेण्याचा प्रसंगच कधी आला नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ठमाबाई," त्या हळूच म्हणाल्या.

"ठमाबाई," रेचलआजींनी म्हणून बघितलं. "थोड्या वेळाने मी दिवा लावेन. आजपासून तिचं नाव घेऊन लावेन. माझ्या आईला पण सांगते, ती जिथे असेल तिथे. म्हणावं, आई, पाणी घालायला आपलं माणूस होतं."

फोन बंद झाला तरी धनेश तो हातात धरून उभा होता. त्याच्या जन्माआधीच त्याची आजी वारली होती. "आई," तो म्हणाला, "आजीचं नाव ठमाबाई होतं?"

कमळाबाईंनी मान हलवली. ज्या माणसाला आपल्या जागेचा गट नंबर झोपेतही पाठ होता, त्याने आपल्या आजीचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही एका परक्या देशातल्या म्हातारीने विचारलं म्हणून. त्याने फोन खिशात ठेवला. शनिवार लागल्यावर ही मंडळी गाडीतही बसत नाहीत, म्हणून त्याने रिक्षावाल्याला रिकामं परत पाठवलं आणि जुडाहकाकांसोबत, तालसोबत पनवेलपर्यंत गप्पा मारत पायी गेला. जाताना बिल्डरचा फोन आला, तो त्याने घेतला नाही.

रविवारी अंगणात मलिदा झाला. म्हणजे गोड पोहे, नारळ, फळं आणि देवाचे आभार. खोबरं कमळाबाईंनी किसलं. जुडाहकाकांनी एलिशाच्या नावाने प्रार्थना म्हटली आणि त्यानंतर बळीराम आणि ठमाबाईचंही नाव घेतलं. रेचलआजी अजून आहेत, दर आठवड्याला फोनवर कमळाबाईंशी भांडल्यासारख्या मोठ्याने बोलतात. बिल्डिंग होणारच आहे. माझं काय करायचं यावर वाद चालू आहे. धनेश म्हणतो गेटपाशी ठेवू, जुडाहकाका म्हणतात पनवेलच्या सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात न्या. माझं मत कोणी विचारत नाही. कुठेही ठेवा, फक्त पोटात प्लास्टिकची फुलं ठेवू नका.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्ही जपल्यात तर मला आनंदच होईल. पण माझं खरं मागणं ते नाही. एक मुलगी चार पिढ्यांमागचा घोटभर पाण्याचा प्रश्न घेऊन इतक्या लांबून आली, आणि त्याचं उत्तर ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईकडे होतं. तुमच्याही घरात असं माणूस बसलेलं असेल. ते तेच तेच सांगतं म्हणून तुम्ही कंटाळत असाल. आज शाळेतून घरी गेल्यावर दप्तर ठेवा, आजीशेजारी बसा आणि तिला तिच्या सासूचं नाव विचारा.